रंगमंच की रिंगण?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी मला भेटावयास आली. मुंबईच्या एका महाविद्यालयात ती चित्रपटकलेचा अभ्यास करते. लहानपणी वेदीसेवकांच्या रांगेत उभे राहण्यासाठी भावाशी भांडणारी ही मुलगी आता इतकी मोठी झाली, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तिच्या हाती अभ्यासासाठी पाहावयाच्या चित्रपटांची एक यादी होती आणि तीतील एका नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती : ‘लास्ट टँगो इन पॅरिस’.

“फादर, हा चित्रपट पाहिला तर पाप लागेल का, असं मी विचारत नाही,” ती म्हणाली. “त्याचं उत्तर आई रोजच देते. माझा प्रश्न वेगळा आहे. पडद्यावर जे दिसतं, ते त्या मुलीला खरोखरच सोसावं लागलं होतं, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही मी ते पाहिलं, तर मी कोण ठरते?”

धर्मगुरूला असे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. आम्हांला विचारतात ते ‘चालेल का’ आणि ‘किती चालेल’. मी तिला चहा दिला, आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि ती गेल्यावर बराच वेळ ओटीवर बसून राहिलो. कारण या चित्रपटाशी माझे एक जुने देणे होते.

१९९२-९३ च्या सुमारास आम्ही सेमिनरीत नैतिक ईशशास्त्र शिकत होतो. आमच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गात वादविवाद ठेवला : अश्लील ठरलेली कलाकृती नष्ट करण्याचा अधिकार शासनास आहे काय? मी ‘नाही’ या बाजूने बोललो. उदाहरण घेतले ते याच चित्रपटाचे, कारण त्याच्यावरील इटलीतील खटल्याची हकीकत मी कोठेतरी वाचली होती. भाषण रंगले, टाळ्याही पडल्या. त्या भाषणाची टिपणवही अद्याप माझ्या कपाटात आहे. ती तरुणी गेल्यावर मी ती काढून पाहिली. तीत दिग्दर्शकाचे नाव होते, प्रख्यात नटाचे नाव होते, न्यायालयाचे नाव होते, निकालाची तारीखही होती. जिच्याविषयी आज हा प्रश्न उभा राहिला आहे, त्या मुलीचे नाव मात्र त्या चार पानांत कोठेही नव्हते.

तिचे नाव मारिया श्नायडर. १९७२ च्या प्रारंभी पॅरिसमध्ये या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, तेव्हा ती १९ वर्षांची होती. फ्रान्समध्ये त्या काळी सज्ञानतेचे वय २१ होते; ते १८ वर आले १९७४ साली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती अज्ञान होती. तिच्यासमोर उभे होते मार्लन ब्रँडो, वयाने पन्नाशीकडे झुकलेले आणि त्याच वर्षी ‘द गॉडफादर’मुळे पुन्हा जगभर गाजू लागलेले. दिग्दर्शक बेर्नार्दो बेर्तोलुच्ची तिशी नुकतीच ओलांडलेले, पण युरोपात त्यांचा दबदबा निर्माण झालेला होता. कथा थोडक्यात अशी : पत्नीच्या आत्महत्येने उद्ध्वस्त झालेला एक मध्यमवयीन अमेरिकन पुरुष आणि एक तरुण मुलगी पॅरिसमधील एका रिकाम्या घरात भेटत राहतात, एकमेकांना नाव विचारावयाचे नाही, एवढी एकच अट. शरीरे आहेत, नावे नाहीत. शेवटी त्याला तिचे नाव कळते, त्याच क्षणी तो तिच्या गोळीला बळी पडतो. प्रेमावाचून आलेली शारीरिक जवळीक माणसाला कोठे नेऊन सोडते, याविषयीचे हे एक उदास चित्र आहे, असे कोणी म्हटल्यास मी त्यास मूर्ख म्हणणार नाही.

ऑक्टोबर १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. पॉलीन केल या नामांकित समीक्षिकेने त्या रात्रीची तुलना १९१३ साली संगीताच्या इतिहासात खळबळ उडविणाऱ्या स्त्राविन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’च्या पहिल्या प्रयोगाशी केली आणि वितरकांनी तिचे ते परीक्षणच वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापले. पुढे ऑस्करसाठी दोन नामांकने मिळाली, एक ब्रँडो यांना आणि दुसरे बेर्तोलुच्ची यांना.

इटलीत मात्र डिसेंबर १९७२ मध्ये प्रदर्शित होताच चित्रपट जप्त झाला. खालच्या न्यायालयात सुटला, वर दोषी ठरला, आणि २९ जानेवारी १९७६ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश कायम केला. बेर्तोलुच्ची यांना स्थगित कारावासाची शिक्षा झाली, त्यांचा मतदानाचा हक्क पाच वर्षांसाठी काढून घेण्यात आला. १९८७ साली तेथेच चित्रपटास पुन्हा मुभा मिळाली. गंमत अशी की, ज्या १९७६ साली रोममध्ये चित्रपटाच्या रिळांची होळी करण्याचे ठरत होते, त्याच साली जपानमध्ये व्हीएचएस हे घरगुती कॅसेटयंत्र बाजारात आले. त्यानंतर कोणत्याही न्यायालयास कोणताही चित्रपट जाळता येणार नव्हता. कॅसेट, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे : ‘लास्ट टँगो’ ही पायरी-पायरीने माणसाच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला. अमेरिकेत त्याची ब्लू-रे तबकडी निघाली २०११ साली. त्याच वर्षाच्या ३ फेब्रुवारीस मारिया श्नायडर पॅरिसमध्ये कर्करोगाने निवर्तल्या होत्या, वयाच्या ५८ व्या वर्षी.

आता त्या प्रसंगाविषयी. चित्रपटात बलात्काराचे एक दृश्य आहे. प्रत्यक्ष संभोग तेथे घडलेला नाही. तो अभिनयच होता, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण पुष्कळ अतिरंजित गोष्टी बोलल्या जातात. परंतु त्या दृश्यातील एक अपमानकारक तपशील संहितेत नव्हता. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी न्याहारी करता करता तो दिग्दर्शकास व नटास सुचला आणि दोघांनी तो तिच्यापासून लपवून ठेवावयाचे ठरविले. न्याहारीच्या टेबलावरील ती वस्तू कोणती होती, हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. २०१३ साली दिलेल्या एका मुलाखतीत बेर्तोलुच्ची यांनी हे स्वतः सांगितले. त्यांना नटीची नव्हे, एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती, तिला अपमान वाटल्याचा अभिनय नको होता, अपमान वाटावयास हवा होता. २०१६ च्या अखेरीस त्या मुलाखतीचा भाग जगभर फिरला आणि कोलाहल माजला, तेव्हा त्यांनी खुलासा केला की दृश्यातील हिंसा तिला संहितेतून ठाऊक होती, नवीन होता तो केवळ तेवढा तपशील.

खरे तर मारिया यांनी हे सारे २००७ मध्येच सांगून ठेवले होते. पडद्यावर दिसणारे आपले अश्रू खरे होते, आपल्याला घोर अपमान झाल्यासारखे, दोघांनी मिळून आपल्यावर काहीसा बलात्कारच केल्यासारखे वाटले, नंतर कोणीही सांत्वन केले नाही की क्षमा मागितली नाही. संहितेत नसलेले करावयास कोणी भाग पाडू शकत नाही, त्या क्षणी वकिलास बोलवावयास हवे होते, पण हे तेव्हा आपणास ठाऊकच नव्हते, असेही त्या म्हणाल्या. त्यांचे हे बोलणे छापून आले आणि विरून गेले. नऊ वर्षांनी जगाने त्यावर विश्वास ठेवला तो पुरुषाने कबुली दिल्याची चित्रफीत पुढे आल्यानंतर. या एका गोष्टीवर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

बेर्तोलुच्ची यांच्या त्या मुलाखतीतील एक वाक्यार्थ माझ्या मनातून जात नाही. आपल्याला अपराधी वाटते, पण पश्चात्ताप होत नाही, असे ते म्हणाले होते. तीस वर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला हा भेद चांगला परिचित आहे. अपराधी वाटणे ही मनाची एक अवस्था झाली. ती येते, टोचते आणि निघूनही जाते. पश्चात्तापात ‘ते घडले नसते तर बरे झाले असते’ अशी इच्छा असते, आणि त्यासाठी त्या कृत्यातून मिळालेल्या लाभावर पाणी सोडण्याची तयारी लागते. येथे लाभ होता एक गाजलेले दृश्य. ते हातचे सोडवत नव्हते. मी त्यांचा न्याय करीत नाही. २०१८ साली ते अधिक मोठ्या न्यायाधीशासमोर गेले. पण त्या वाक्यात मी एका चित्रपट दिग्दर्शकापेक्षा अधिक माणसे ओळखली, आणि त्यांतील एक मी स्वतः होतो. माझ्या टाळ्याखाऊ भाषणाविषयी मला अपराधी वाटते. ते केले नसते तर बरे, असे अजूनही पुरते वाटत नाही.

या चित्रपटाच्या वादात एका बाजूस अश्लीलतेविरुद्ध उभे राहिलेले न्यायाधीश, पालक व धर्मगुरू होते. दुसऱ्या बाजूस कलास्वातंत्र्याचे पुरस्कर्ते. दोघांची वर्षानुवर्षे जुंपली होती. एका बाजूने विचारले, हे पाहणाऱ्याचे काय होईल? दुसऱ्या बाजूने विचारले, हे निर्मिणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे काय होईल? जिच्यावर हे केले गेले तिचे काय झाले, असे कोणी विचारले नाही. आपल्या ख्रिस्तसभेचीही परंपरा या बाबतीत तपासून पाहावी अशी आहे. अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलांती कुरा’ हे चित्रपटांविषयीचे विश्वपत्र लिहिले, बाराव्या पायस यांचे ‘मिरांदा प्रोर्सुस’ १९५७ चे, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा ‘इंतेर मिरिफिका’ हा आदेश १९६३ चा. हे सारे आम्हांला सेमिनरीत शिकविले गेले. त्यांतील मुख्य काळजी प्रेक्षकाच्या, विशेषतः तरुण प्रेक्षकाच्या, आत्म्याची आहे. ती काळजी योग्यच आहे, ती मी सोडणार नाही. परंतु प्रकाशझोतात उभ्या असलेल्या त्या १९ वर्षांच्या जिवाचाही आत्मा होता, ही गोष्ट आम्ही प्रवचनात किती वेळा बोललो? बाजारू चित्रपटांवर मी आजवर जी प्रवचने दिली, त्यांत पडद्यावरील स्त्री ही नेहमी मोह होती. ती कोणाची तरी मुलगी आहे आणि कदाचित या क्षणी तिला मदतीची गरज आहे, असे मी एकदाही म्हटलेले मला आठवत नाही.

त्या तरुणीच्या प्रश्नाकडे वळतो. उत्तर शोधताना मी संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाबा’कडे गेलो, जशी सवयच आहे. तेथे एक गोष्ट पूर्वी ध्यानात आली नव्हती ती आली. ऑगस्टीन दोन वेगवेगळ्या ठिकाणी ‘पाहण्या’विषयी लिहितात. तिसऱ्या भागात ते कार्थेजमधील आपल्या नाटकवेडाची आठवण सांगतात. रंगमंचावरील खोट्या दुःखाने रडावयास माणसाला का आवडते, ते दुःख आपल्या वाट्यास यावे असे तर कोणालाच वाटत नाही, या कोड्यात ते पडतात. सहाव्या भागात त्यांचा मित्र अलिपियस याची कथा आहे. रोममध्ये सोबती त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजीस नेतात. तो डोळे गच्च मिटून बसतो. पण एका क्षणी गर्दी गर्जते, तो डोळे उघडतो, रक्त पाहतो, आणि खाली पडलेल्या योद्ध्याच्या शरीरापेक्षाही खोल जखम त्याच्या आत्म्यास होते. पुढे तोच इतरांना ओढून नेऊ लागतो.

रंगमंच आणि रिंगण, दोन्ही ठिकाणी आसने आहेत, प्रेक्षक आहेत, दुःख आहे. भेद एवढाच की रंगमंचावरील माणूस पडदा पडल्यावर उठून घरी जातो. नटाचे दुःख हे त्याचे दान असते. ते तो घडवितो, सावरतो, रोज रात्री नव्याने देतो. रिंगणातील माणसाकडून मात्र ते ओरबाडून घेतलेले असते. माझ्या समजुतीप्रमाणे त्या सकाळी पॅरिसमध्ये जे घडले ते हेच : एका रंगमंचाचे, त्यावर उभ्या असलेल्या मुलीस न सांगता, रिंगण करण्यात आले. अभिनय नको, खरी प्रतिक्रिया हवी, असे म्हणणे म्हणजे नटीकडून तिची कलाच काढून घेणे होय. ज्या अपमानाचा ती उत्तम अभिनय करू शकली असती, तो तिला सोसावयास लावला. आणि बदल केवळ एका तपशिलाचा होता, हा बचाव मला तरी पटत नाही. तपशील क्षुल्लक होता तर तो लपविण्याची गरज का पडली?

येथे कोणी म्हणेल, फादर, या न्यायाने जगातील निम्मी कला टाकून द्यावी लागेल. पिरॅमिड बांधताना किती मजूर मेले, ते कोणी मोजले? मान्य. परंतु पिरॅमिडकडे पाहताना मला मजुराच्या पाठीवरचा फटका दिसत नाही. या दृश्यात पाहावयाची वस्तू तो फटकाच आहे.

नग्नतेविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्या घरांत सारा वाद तेथेच सुरू होतो व तेथेच संपतो. सिस्टाईन चॅपेलमधील मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ या चित्रातील नग्न आकृतींवर १५६५ साली दानिएले दा व्होल्तेर्रा याच्याकडून वस्त्रे रंगवून घेण्यात आली. त्याच भिंतीचा जीर्णोद्धार झाल्यावर ८ एप्रिल १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या चॅपेलचा मानवी देहाच्या ईशशास्त्राचे मंदिर अशा शब्दांत गौरव केला. देह स्वतःहून कधीच अश्लील नव्हता. याच पोपमहाशयांनी एप्रिल-मे १९८१ मधील बुधवारच्या प्रबोधनांत एक सूक्ष्म भेद दाखविला होता. चित्रकार किंवा शिल्पकार समोरच्या देहाचे रूपांतर करतो, म्हणून कलाकृतीतील देह हा त्या विशिष्ट व्यक्तीपासून काहीसा अलग होतो. छायाचित्रात व चित्रपटात तसे होत नाही. तेथे जिवंत माणसाचेच पुनरुत्पादन होते. म्हणून त्याचा देह निनावी वस्तू होऊन अनोळखी लोकांच्या हाती जाण्याचा धोका तेथे अधिक असतो, आणि त्याची जबाबदारी निर्मात्याबरोबर पाहणाऱ्यावरही येते. भिंतीवरील आकृतीस कोणाची नजर दुखवीत नाही. मारिया श्नायडर ही भिंत नव्हती.

घरातल्या तबकडीचा प्रश्न येथेच बिकट होतो. चित्रपटगृहात दृश्य येते आणि जाते. तेथे शेजारी माणसे असतात, लाज असते, कोणी उठून जाते. तबकडीवर ते दृश्य थांबविता येते, मागे नेता येते. बाकीचा चित्रपट ओलांडून थेट तेथेच जाता येते. दोन तासांच्या कथेतून एक क्षण सुटा होतो आणि पाहणाऱ्याच्या बोटाखाली येतो. ज्या क्षणास तिने कधी होकार दिला नव्हता, तो क्षण लाखो खोल्यांतून, बंद दारांआड, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा पुन्हा सुरू होतो. मारिया यांना पुढची सारी वर्षे हे ठाऊक होते. व्यसने, आत्महत्येचा प्रयत्न, नग्न दृश्ये असलेल्या भूमिकांस दिलेला ठाम नकार, हे सारे त्यांच्या वाट्यास आले. त्यातून त्या सावरल्या, काम करीत राहिल्या, उत्तरायुष्यात वृद्ध गरजू कलावंतांसाठी झटल्या, २०१० मध्ये फ्रान्स सरकारने त्यांचा सन्मानही केला. पण ते दृश्य बाजारातून गेले नाही.

मग पाहणारा कोण ठरतो? दुष्कृत्यातील सहकार्याविषयी संत आल्फॉन्सस लिगोरी यांच्या परंपरेत आम्हांला दोन प्रकार शिकविले : मनाने सामील होऊन केलेले सहकार्य, आणि मनाविरुद्ध, केवळ बाहेरून घडलेले. १९७३ साली तिकीट काढून बसलेला प्रेक्षक आपण रंगमंच पाहतो आहोत अशाच समजुतीत होता. त्याच्यावर या गोष्टीचा दोष येत नाही, इतर काही येत असेल तर येवो. आज तीच प्रकाशचित्रे, तोच क्रम, तोच आवाज. काहीही बदललेले नाही. बदलले आहे ते आपले ज्ञान. आणि जाणून घेतल्यावर माणूस पूर्वीच्या आसनावर बसू शकत नाही. रिंगण आहे हे ठाऊक असताना जो त्या दृश्याची मजा घेतो, तो डोळे उघडलेला अलिपियस आहे. जो अभ्यासासाठी पाहतो त्याचे काय, याविषयी माझे मन पूर्ण स्थिर नाही. न्यायाधीशाला पुरावा पाहावा लागतो, वैद्याला जखम. परंतु त्यांनाही जखमी माणसाची परवानगी घ्यावी लागते, निदान त्याचे नाव विचारावे लागते.

एवढे मात्र म्हणेन की जाळणे हे उत्तर नव्हते व नाही. ती रिळे जाळली जात होती तेव्हा त्यांत मारियाचे अपमानाचे दृश्य होते, तसा तिचा अभिनयही होता. जगाने प्रथम तिचा अवमान चित्रित केला आणि नंतर अश्लील म्हणून तिचे कामही आगीत टाकावयास काढले. आपल्याकडेही शुद्धतेच्या आवेशात जखमी बाईलाच दाराबाहेर काढणारी माणसे आहेत. त्यांची नावे घेण्याची ही जागा नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या संस्थेने ‘लास्ट टँगो’चा एक खेळ स्त्री-संघटनांच्या आक्षेपांनंतर रद्द केला. तो दाखवूच नये, अशी सर्वांची मागणी नव्हती. दाखविण्यापूर्वी तिच्याविषयी बोला, असे पुष्कळांचे म्हणणे होते. त्याच वर्षी तिच्या जीवनावरील, झेसिका पालू यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट कान महोत्सवात दाखविला गेला. तिच्या मामेबहिणीने लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे, आणि त्यात ती सकाळ प्रथमच मारियाच्या बाजूने दिसते.

ठरल्याप्रमाणे आठवड्याने ती तरुणी आली. मी हे सर्व तिला सांगितले, लिगोरींच्या भागाशी येताच ती थोडी कंटाळली हेही मला दिसले. मग मी तिला माझी जुनी टिपणवही दाखविली. तिने चारही पाने शांतपणे वाचली.

“फादर, मी ते दृश्य सोडून बाकीचा चित्रपट पाहिला,” ती म्हणाली. “बरोबर केलं की नाही, माहीत नाही. आणि मग त्यांचा दुसराही एक पाहिला.”

तो दुसरा चित्रपट होता अंतोनिओनींचा ‘द पॅसेंजर’, १९७५ चा. त्यात एका उघड्या मोटारीच्या मागच्या आसनावर मारिया बसलेली आहे. तू कशापासून पळतो आहेस, असे ती गाडी चालविणाऱ्या माणसाला विचारते, आणि तो तिला मागे वळून पाहावयास सांगतो. ती वळते, दोन्ही हात पसरते, आणि दुतर्फा झाडी असलेला रस्ता तिच्यापासून दूर दूर जात राहतो. “तिथं त्या हसतात, फादर,” ती तरुणी म्हणाली. माझी पेन्सिल मागून घेऊन तिने टिपणवहीच्या पहिल्या पानावर, समासात, एक नाव लिहिले आणि वही मला परत दिली.